होकार कोणाचा?

चित्रगुप्ताची देवळं फार नाहीत. चेन्नईहून 70-75 किलोमीटरवर कांचीपुरमला एक आहे. मूर्तीच्या उजव्या हातात लेखणी, डाव्या हातात ताडपत्र. चैत्री पौर्णिमेला, म्हणजे इथल्या चित्रा पौर्णमीला, तिथे तोबा गर्दी उसळते. मी अड्यारला समुपदेशक म्हणून काम करते. तेव्हा या देवाशी माझं नातं थोडं भाऊबंदकीचंच, कारण दोघंही दुसऱ्याविषयी लिहून ठेवतो. फरक एवढाच की त्याची वही ज्याच्या नावाची, त्याला ती जिवंतपणी दिसत नाही. माझी दिसते.

दिसायलाच हवी, असं कायदा म्हणतो. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018मध्ये लागू झाला. त्याच्या 25व्या कलमाने रुग्णाला आपल्या नोंदी मागण्याचा हक्क दिला. वाचून त्याच्या मनाला गंभीर इजा होईल किंवा दुसऱ्या कोणाला धोका पोचेल, असा भाग तेवढा राखून ठेवता येतो. आणि राखला, तर दाद कुठे मागायची हेही सांगावं लागतं. आता नोंद, उपचाराचा आराखडा, संमतीपत्र सगळं लिंकने फोनवर जातं. याचा मला झालेला फायदा म्हणजे लिहिणं सुधारलं. आमच्या क्षेत्रात ‘सहकार्य नाही’ हा शेरा सर्रास मारला जातो. समोरचं माणूस हे वाचणार म्हटलं की हात थबकतो आणि घडलं ते लिहावं लागतं: ‘आज घरच्यांविषयी बोलायचं नाही म्हणाल्या. खिडकीकडे बघत बसल्या.’ पहिल्या शेऱ्यात मी दिसते, दुसऱ्यात त्या.

दाखवण्यापर्यंत सगळं ठीक. घोडं अडतं ते सहीशी.

वेस्ट मांबलममधल्या एक आजी माझ्याकडे यायच्या होत्या. तंजावरी मराठी बोलणाऱ्या, मध्येच तमिळवर घसरणाऱ्या. आजोबा गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. मुलगा न्यू जर्सीत, अत्यंत व्यवस्थित. नावनोंदणी त्याने केली, ईमेल त्याचा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. आजी ऑटोतून उतरायच्या आधीच संमतीपत्र सही होऊन आलेलं. यंत्राने पुरवलेल्या वळणदार अक्षरांत आजींचं नाव, खाली तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि आयपी पत्ता. मी टॅब त्यांच्यापुढे धरला. चष्मा खाली-वर करून त्यांनी तो पाहिला आणि शांतपणे विचारलं, “मी यायच्या आधीच मी हो म्हटलं होतं का?”

माझे वडील भिक्षुकी करत. ‘गुरुजी, मला मीटिंग आहे, तुम्हीच उरकून घ्या,’ असं सांगणारे यजमान त्यांनी पुष्कळ पाहिले. वडील उरकूनही घ्यायचे, पण संकल्पापुरतं यजमानाला पाटावर बसवल्याशिवाय नाही. हा त्यांचा हट्ट नव्हता, त्यामागे मीमांसकांचा जुना वाद आहे. मंत्र म्हणतात ऋत्विज, आहुती टाकतात ऋत्विज, मग फळ यजमानाला का? उत्तर असं, की दक्षिणा देऊन त्यांना तो कामाला लावतो, आणि त्याग, म्हणजे त्या द्रव्यावरचा आपला हक्क सोडणं, त्याचं असतं. हात भाड्याने मिळतात. सोडणं ज्याचं त्यानेच करायचं.

संकल्पात आधी काळ आणि स्थळ येतं, मग नाव-गोत्र, आणि मग मी काय करणार आहे ते. आजींच्या फॉर्मवर वेळ होती, आयपी पत्त्याच्या रूपाने स्थळ होतं (ते न्यू जर्सीचं, ही गोष्ट वेगळी), नावही होतं. शेवटची गोष्ट तेवढी नव्हती. यंत्राला ती नोंदता येत नाही, यात यंत्राचा दोष नाही. आपण मात्र तीन गोष्टी पाहून चौथी आहेच असं धरून चालतो.

कायदाही इथे गमतीशीर आहे. 2000च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक सही मान्य केली, पण मृत्युपत्र त्यातून वगळलं. त्याला आजही कागद लागतो आणि दोन साक्षीदार. माझ्यामागे घर कोणाला, हे ओटीपीने ठरत नाही. माझ्या मनात कोणी डोकवायचं, हे ठरू शकतं.

कागदावर हे सगळं शुद्ध होतं, असं मात्र कोणी सांगू नये. काउंटरवर ‘इथे, इथे आणि इथे’ असं बोट दाखवून घेतलेल्या सह्या आपण सर्वांनीच केल्या आहेत. उलट लिंक बरी. घरी नेता येते, अक्षर मोठं करता येतं, शेजारणीकडून वाचून घेता येतं. धोके, फायदे, पर्याय समजेल अशा भाषेत सांगून मिळवलेला, धाकदपटशा आणि दिशाभूल यांविना दिलेला होकार, ही संमतीची व्याख्या 2017च्या कायद्यातच आहे. तिला स्क्रीनचं वावडं नाही, घाईचं आहे.

मी मुलाची सही रद्द केली. संमतीपत्र आजींना मराठीत वाचून दाखवलं, लिंक त्यांच्या स्वतःच्या नंबरवर पाठवली आणि सांगितलं, आज काही करू नका. पुढच्या भेटीत त्या एक दुरुस्ती घेऊन आल्या. उपचाराला हो, पण नोंदी मुलाला पाठवायच्या नाहीत. “तो काळजी करतो आणि मग रोज फोन करतो,” हे कारण. ही अट मुलाच्या सहीत कुठून येणार? मग त्यांनी स्क्रीनवर बोटाने सही केली. ती त्यांच्या बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. मला चालते.

परदेशी असलेल्या लेकरांना एक विनंती. आईचा फॉर्म आईच्याच नंबरवर येऊ द्या. ओटीपी तिलाच टाकू द्या. दोनदा चुकला, तर तिसऱ्यांदा मागवता येतो.