बंड कोणते, हट्ट कोणता?



हल्ली व्याख्यानांतून एक वाक्य फार ऐकू येते, की संत हे बंडखोर होते. दुसरीकडे तितक्याच जोराने सांगितले जाते की संतांनी बंड कधी केलेच नाही, त्यांनी फक्त भक्ती शिकवली. पहिल्याला बंड पाहिजे, भक्ती नको. दुसऱ्याला भक्ती पाहिजे, पण तिने कुणाचे आसन हलायला नको. दोघांनी अर्धे अर्धे संत वाटून घेतले आहेत. आपण गळ्यात माळ घातलेली माणसे. आपल्याला पूर्ण संत पाहिजेत. म्हणून बंड किती परीचे असते, खरे कोणते आणि त्याचा समाजाला लाभ काय, याचा आज थोडा विचार करू.

रूढी मोडणारे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. एक जण नियम मोडतो, कारण तो त्याला अडचणीचा असतो. स्वतःचे काम झाले की तोच नियम शेजाऱ्यावर लादायला तो पुढे होतो. हा स्वैराचार. दुसरा मोडतो, कारण चार लोकांनी त्याच्याकडे पाहावे. हा हट्ट. तिसरा मोडतो, कारण नियम ज्यासाठी केला होता ते मूळच त्याला दिसलेले असते, आणि नियम त्या मुळावरच उठला आहे हे त्याला सहन होत नाही. हा तत्त्वाचा बंडखोर. तिघांची कृती वरून सारखी दिसते. म्हणून निवाडा करताना कृतीच्या पोटात शिरावे लागते.

आता संतांकडे वळू. पहिला प्रकार भांडार उघडणाऱ्याचा. माउलींच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि संन्याशाची पोरे म्हणून तिन्ही भावांची मुंज नाकारली गेली. अशा घरातला मुलगा मोठा झाल्यावर शास्त्रावर थुंकला असता तरी लोकांनी समजून घेतले असते. माउलींनी काय केले? ज्या गीतेचा अर्थ संस्कृतच्या कुलपात होता, ती शके 1212 मध्ये नेवाशाला मराठीत सांगितली. ग्रंथ जाळला नाही, वाटला. आणि शेवटी मागणे मागताना दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावा म्हणाले. या बंडाचा लाभ तुम्ही-आम्ही आजही घेतो. संस्कृतचे एक अक्षर न येणारा शेतकरी पारायणाला बसतो आणि अध्यायावर चर्चा करतो, ती त्या बंडाची कमाई.

दुसरा प्रकार बोलण्याआधी वागणाऱ्याचा. नाथमहाराज पैठणचे, विद्वान घराण्यातले. त्यांनी रूढीविरुद्ध सभा भरवली नाही. वाळवंटात तापलेल्या रेतीवर रडणारे पोर दिसले, ते उचलून कडेवर घेतले. ते कुणाचे, हा प्रश्न नंतरचा. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास घेऊन दाराशी थांबलेल्या भुकेल्यांना, गाव ज्यांना शिवत नव्हते त्यांना, आधी जेवू घातले. गाव रुसले, आणि परंपरा सांगते की घरातला मुलगा हरिपंडितही वडिलांच्या प्राकृतावर रुसून काशीला गेला. नाथांनी वाद वाढवला नाही आणि वागणेही बदलले नाही. असा मनुष्य गावात एक असला तरी बाकीच्यांना कळते की हे करता येते, आणि केल्याने आकाश कोसळत नाही. भीती मोडण्याचे काम उपदेशाने होत नाही, उदाहरणाने होते.

तिसरा प्रकार दारात उभे राहून विचारणाऱ्याचा. चोखोबांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकता आले नाही. त्यांनी देव सोडला नाही आणि प्रश्नही सोडला नाही. आत राबणारा विठ्ठल माझा, मग दार कुणाचे, हे त्यांनी आयुष्यभर विचारले. त्यांच्या घरात सोयराबाईंनी विचारले, आणि कर्ममेळ्याने तर बापापेक्षा कडक शब्दांत देवालाच जाब विचारला. शके 1260 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी झाली. विचार करा, आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या समाधीला नमस्कार केला, आणि त्याच चोखोबाच्या नातलगांना आत जाऊ दिले नाही. ज्याच्या पाया पडलो त्याचा प्रश्न मात्र ऐकला नाही.

चौथा प्रकार घरात राहून बंड करणाऱ्या बाईचा. त्याची नोंद फार कमी होते. बहिणाबाई शिऊरकर ब्राह्मणाची लेक, ब्राह्मणाची पत्नी. मनाने त्यांनी देहूच्या कुणबी वाण्याला, तुकोबांना, गुरू मानले. पतीने मारले, बांधून ठेवले. त्यांनी संसार टाकला नाही, पतीचा द्वेष केला नाही, आणि गुरूही बदलला नाही. शेवटी पतीच त्यांना घेऊन देहूला आला. शिवाय हा सगळा ताप त्यांनी स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवला, म्हणून पुढच्या बायकांना कळले की आपल्या आधी कुणीतरी हे सोसून पार झाली आहे.

पाचवे तुकोबा. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला, वह्या इंद्रायणीत गेल्या. तुकोबा काठावर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले. ज्याने वह्या बुडवायला लावल्या त्याच्या दारात दगड मारायला गेले नाहीत. परिणाम काय झाला? तेच रामेश्वरभट्ट शिष्य झाले, आणि आज आपण तुकोबांची जी आरती म्हणतो ती त्यांचीच. खरे बंड विरोधकाला संपवत नाही, त्याला आपल्या दिंडीत आणते.

तुकोबांचीच आणखी एक गोष्ट मला या सगळ्याची किल्ली वाटते. घरात सावकारीची खते होती. लोकांकडून येणे होते. तुकोबांना ती कागदपत्रे बुडवायची होती. धाकटा भाऊ कान्होबा. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. भावाची त्याला दिली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत टाकली. तत्त्व त्यांचे होते, म्हणून तोटाही त्यांनी स्वतःचाच केला. हट्टी मनुष्य नेमके उलटे करतो. दुसऱ्याची खते बुडवतो आणि त्यागाचा मान स्वतः घेतो. म्हणून कुणी बंड करताना दिसला तर पहिला प्रश्न हा विचारावा: हा कुणाच्या वाटणीची खते बुडवतो आहे?

सहावा प्रकार दुसऱ्याच्या दारासाठी उपाशी राहणाऱ्याचा. साने गुरुजींना पंढरीचे मंदिर कधीच बंद नव्हते. तरी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना ते उघडावे म्हणून गावोगाव फिरून, शेवटी 1 मे 1947 ला त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केले, आणि त्याच महिन्यात दार उघडले. चोखोबा गेल्यावर सहाशे नऊ वर्षांनी त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले. गाडगेबाबांची तऱ्हा निराळी. पंढरीत येऊन ते राऊळाकडे न जाता झाडू हातात घेत, वाळवंटात कीर्तन करीत आणि श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. ज्यांना उतरायला जागा मिळत नसे त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. एकाने दार उघडले, दुसऱ्याने दाराबाहेरच्यांना छप्पर दिले. दोन्ही लागते.

येथे पूर्वपक्ष उभा राहील. कुणी म्हणेल, महाराज, संप्रदाय शिस्तीवर चालतो. रथापुढच्या दिंड्यांचा क्रम ठरलेला, अभंगांचा क्रम ठरलेला, चोपदाराचा शब्द अखेरचा. प्रत्येकाने तत्त्वाच्या नावाने क्रम मोडला तर वारी पंढरीला पोचेल काय? शंका रास्त आहे. लाखो माणसे एका वाटेने चालतात ती शिस्तीमुळेच. पण उत्तरही वारीतच आहे. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यावर ओरडत नाही. तो चालत त्या दिंडीपाशी जातो, म्हणणे ऐकून घेतो, आणि मगच पुढचे होते.

ही रीत ज्याने घातली त्याला साष्टांग. पाहा, त्या दिंडीने शिस्त मोडली की पाळली? सगळे गप्प असताना ती वाजते, म्हणून मोडली. पण ती टाळच वाजवते, दगड मारत नाही. जागा सोडत नाही, वारी सोडत नाही. शिस्तीनेच तक्रारीला जागा दिली आहे. ज्या समाजात अशी जागा असते तिथे बंड लहान असतानाच ऐकले जाते. जिथे ती नसते तिथे प्रश्न सहाशे वर्षे दारात उभा राहतो.

आता तुमच्या-आमच्या गावाकडे या. सप्ताहाची वर्गणी किती जमली आणि खर्च कुठे झाला, हे एखादा तरुण विचारतो. बाईच्या गळ्यात वीणा का नको, हे एखादी मुलगी विचारते. कीर्तनकाराने धन घेऊ नये असे तुकोबा सांगून गेले असताना बिदागीचे आकडे एवढे का, हे कुणी विचारतो. हा शेवटचा प्रश्न आम्हा कीर्तनकारांना झोंबणारा आहे, म्हणून तर तो ऐकला पाहिजे. आपण चटकन म्हणतो, हा नास्तिक झाला, हिला चढली आहे. असे म्हणण्याआधी तीन खुणा तपासा. तो स्वतःची झीज सोसून विचारतो आहे काय? ज्याच्याविरुद्ध बोलतो त्याचेही भले त्याला हवे आहे काय? आणि रोष पत्करूनही तो आपल्यात राहिला आहे काय? तिन्ही नसतील तर हट्ट समजून सोडून द्या. तिन्ही असतील तर सावध व्हा. उद्या ज्याची पुण्यतिथी करायची, त्याला आज आपण मांडवाबाहेर काढत असू.

मेलेल्या संताच्या समाधीवर फूल वाहणे सोपे आहे, समाधी उलटून बोलत नाही. जिवंत प्रश्नासमोर बसणे ही खरी सेवा. तुमच्या दिंडीत कुणाचा टाळ थांबत नसेल, तर त्याला गप्प करण्याआधी चार पावले चालून त्याच्यापाशी जा.

राम कृष्ण हरी.