उपकाराची फेड आणि मताची अमानत

महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत कशाच्या आधारावर दिले, असे मोहल्ल्यात कुणी विचारले तर उत्तर फार लांब नसते. 'कामाचा माणूस आहे', 'रात्री-बेरात्री धावून येतो', 'फोन उचलतो'. एवढ्यात आमच्या बहुतेक वस्त्यांतली उमेदवाराची चिकित्सा आटोपते. शिकलेली मंडळी या उत्तराला हसतात. आम्हाला मात्र हसावेसे वाटत नाही. ज्याच्या नळाला पाणी येते, ज्याची मुले खासगी शाळेत जातात आणि ज्याला आजारपणात स्वतःच्या खिशावर भरवसा ठेवता येतो, त्याला पाच वर्षांत एकदाही नगरसेवकाच्या दारी जावे लागत नाही. ज्याला रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवायचे आहे, जन्माच्या दाखल्यातली नावाची चूक दुरुस्त करून घ्यायची आहे, सरकारी दवाखान्यात आईला खाट मिळवायची आहे, त्याला कार्यालयातली खिडकी ओळखीशिवाय उघडत नाही, हे अनुभवाने माहीत असते. मय्यत घरात आहे, कब्रस्तानच्या वाटेवर गटाराचे पाणी साचले आहे आणि रात्री अकरा वाजता एक माणूस चपला न घालता बाहेर पडून जेसीबी घेऊन येतो. त्या माणसाला हे घर विसरेल कसे?

विसरू नयेच. आपल्याकडे एहसान फरामोश ही शिवी चोराला दिलेल्या शिवीपेक्षा जड मानतात, आणि ते योग्यच आहे. अडचण पुढे आहे. उपकार फेडायचा तर तो मताने फेडावा का? मत ही आपल्या मालकीची वस्तू आहे का?

मुफ्ती मुहम्मद शफी यांनी मताचा विचार करताना त्याला तीन रूपांत पाहिले होते: मत म्हणजे शहादत, म्हणजे हा माणूस या कामाला लायक आहे अशी गवाही, मत म्हणजे शिफारस, आणि मत म्हणजे वकालत, सर्वांच्या वतीने बोलण्याचा दिलेला अधिकार. तिन्हींचा रोख एकच आहे. मत देताना आपण फक्त आपल्यापुरते बोलत नाही. त्याच पाइपलाइनचे पाणी गल्लीतली चाळीस घरे पिणार असतात. त्यांत यादीत नाव नसलेले भाडेकरू असतात, बाहेरगावचे कारागीर असतात आणि अठरा वर्षांखालची सगळी मुले असतात. त्यांच्या वाट्याचे मत कुणी देत नाही, ते आपल्या मतात मिसळलेले असते.

हजला निघालेल्या शेजाऱ्याने दहा हजार रुपये आपल्यापाशी ठेवले आणि त्याच आठवड्यात किराणावाला उधारीसाठी दारात आला, तर त्या दहा हजारांतून उधारी भागवणाऱ्याला आपण काय म्हणू? उधारी खरी आहे. किराणावाला भला माणूस आहे, अडीअडचणीला त्याने कधी नाही म्हटलेले नाही. तरीही ते पैसे त्याला देता येत नाहीत. मताचे आम्हाला असेच वाटते. ज्याने आपल्या घरावर उपकार केला त्याचे देणे आपल्या खिशातून द्यावे. त्याच्या सुख-दुःखात उभे राहावे, त्याच्यासाठी दुआ करावी, त्याची मुलगी लग्नाची असेल तर मांडवात राबावे. अमानतीतून मात्र खासगी कर्ज फेडता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो साधा नाही. उपकार हा पुरावाच आहे, असे लोक म्हणतात. जो माझ्यासाठी धावला तो इतरांसाठीही धावेल. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले तीच गवाही देतो. बरोबर आहे. पाहिलेले सांगणे हीच गवाही. फक्त काय पाहिले ते नीट तपासले पाहिजे, आणि इथे पाण्याचे उदाहरण फार उपयोगी पडते.

आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे जुन्या औरंगाबादचा इतिहासच पाण्याचा आहे. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर बांधली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला होता. नहर-ए-अंबरीचे पाणी हौदात पडत होते आणि हौदावर येणाऱ्याने कुणाची चिठ्ठी आणावी लागत नव्हती. तो १६२६ साली वारला. पाणी पुढे कित्येक पिढ्या वाहत राहिले. त्याच शहराने आपल्या काळात, पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर असताना, आठ-आठ दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्याची वाट पाहिली आहे. समांतर जलवाहिनीची खासगी भागीदारीतली योजना आली, तिचा करार २०१६ साली रद्द झाला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि मग तिचाही खर्च वाढत गेला. या सगळ्या वर्षांत गल्लीबोळांतून टँकर फिरत होते.

आता टँकर आणि नहर यांचा नगरसेवकाच्या बाजूने विचार करा. टँकर आणणारा दर आठवड्याला दिसतो. पाइपला तोंड लावून उभ्या असलेल्या बायका त्याचे नाव घेतात. कुणाला आधी, कुणाला नंतर हे त्याच्या हातात असते, आणि ज्याला नंतर मिळते तो पुढच्या वेळी जास्त अदबीने सलाम करतो. जलवाहिनीसाठी सभागृहात तीन वर्षे भांडणारा कुणाला दिसत नाही. नळ सुरू झाला की सहा महिन्यांत लोक विसरतात, कारण नळ उघडताना कुणाची आठवण काढावी लागत नाही. म्हणजे ज्याने आपली गरज जिवंत ठेवली त्याचे उपकार आपल्या लक्षात राहतात आणि ज्याने गरजच संपवली त्याला आपण 'त्याने काय केले?' असे विचारतो. सगळेच टँकरवाले कपटी असतात असे नाही. तहानलेल्याला आधी घोट द्यावाच लागतो. पण पाच वर्षे टँकर आणि सहाव्या वर्षीही टँकरच, तर गवाही देताना ते सांगितले पाहिजे.

नगरसेवकाचे नेमके काम काय, हे कुणी कधी समजावून दिलेले नाही, म्हणूनही असे होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ६३ व्या कलमात पालिकेची सक्तीची कर्तव्ये दिली आहेत. पाणी, गटारे, रस्त्यांची सफाई त्यात आहे. ती कुणाची मेहरबानी नाही. कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्ताकडे असतो, नगरसेवकाकडे नाही. नगरसेवक स्वतःच्या हुकुमाने एक पाइपही टाकू शकत नाही. तो अर्थसंकल्पावर हात वर करतो, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारतो, सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत गेला तर कोट्यवधींच्या निविदांवर मत देतो. त्याची खरी नोकरी ही, आणि मोहल्ल्याने त्याला पाहिलेले असते ते जेसीबीवर. सभागृहात त्याने कोणत्या ठेकेदाराच्या बाजूने हात वर केला, हे मशिदीच्या ओट्यावर कुणालाच ठाऊक नसते.

मग माणूस कसा हवा? कुरआनात मूसा अलैहिस्सलाम यांना कामावर ठेवावे असे मद्यनची ती मुलगी वडिलांना सुचवते तेव्हा दोन गुण सांगते: बळ आणि इमानदारी. यूसुफ अलैहिस्सलाम मिसरची कोठारे मागतात तेव्हा आपण नीट राखणारे आहोत आणि जाणकार आहोत एवढेच सांगतात. आपण कुणाचे पुत्र, कुणाचे पणतू हे सांगत नाहीत, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे तर पुष्कळ होते! चौदाव्या शतकातले इब्न तैमिया यांनी यावर एक व्यवहारी गोष्ट लिहून ठेवली आहे. बळ आणि इमानदारी एकाच माणसात क्वचित सापडतात, तेव्हा काम कोणते ते पाहून निवडावे. लढाईला बळाचा, खजिन्याला इमानदार. नगरसेवकाचे काम कोठाराचे आहे असे आम्हाला वाटते, म्हणून इमानदारी आधी. पण नुसता सज्जन, सभेत तोंड न उघडणारा आणि अधिकाऱ्यापुढे हात चोळणारा माणूस निवडला तर कोठाराला कुलूप लागते, धान्य बाहेर येत नाही. अशा सज्जनांची आपल्या वस्त्यांनी पुष्कळ किंमत मोजली आहे.

शपथपत्राचे थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण उघड करण्याची पद्धत आली आणि पालिका निवडणुकीतही ती लागू झाली. ती वाचावी, पण कलमे पाहून वाचावी. मोर्चात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एका रांगेत मोजणे हा अन्याय आहे. ज्यांच्या गल्लीत दंगलीनंतर याद्याच्या याद्या भरल्या गेल्या, त्यांना हे सांगायला नको. मालमत्तेचा आकडा मात्र दोन निवडणुकांचा शेजारी-शेजारी ठेवून पाहावा.

'आपला माणूस' या शब्दावर अडखळायला होते. सभागृहात आपल्या वस्तीचे नाव घेणारा कुणी नसेल तर नकाशावरची रेघ वस्तीला वळसा घालून जाते, हे आपण पाहिले आहे. तेव्हा प्रतिनिधित्वाची ओढ ही जातीयता आहे, असे म्हणणाऱ्यांशी आमचे पटत नाही. परंतु बिरादरीच्या बैठकीत चार बुजुर्ग नाव ठरवतात, मते फुटू नयेत म्हणून बाकीच्यांना बसवतात, आणि मग ज्याला बसवले त्याच्यात आणि ज्याला उभे केले त्याच्यात लायकीचा फरक काय, हा प्रश्न विचारणाराच फितूर ठरतो. कुरआनाने न्यायाची गवाही स्वतःच्या, आईवडिलांच्या आणि नातेवाइकांच्या विरुद्ध गेली तरी द्यायला सांगितली आहे. बिरादरी नातेवाइकांहून जवळची नसावी.

बायकांचे तर आणखी वेगळे. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. फलकावर तिचा फोटो लहान, पतीचा मोठा. प्रचारात भाषण त्याचे. निवडून आल्यावर दारावरची पाटी तिची आणि खुर्चीत तो. इथे मतदाराने निदान एवढे करावे: उमेदवार बाई दारी आल्या की प्रश्न त्यांनाच विचारावा, आणि उत्तर दीरांनी दिले तर पुन्हा त्यांनाच विचारावा. त्या बोलू शकत नाहीत असे नाही. बचत गटाचा हिशेब पैशापैशाने ठेवणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी अर्थसंकल्प नवऱ्यापेक्षा लवकर समजून घेतील.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. संभाजीनगरात आधीच्या नगरसेवकांची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली होती. पावणेसहा वर्षे प्रशासकाचे राज्य होते. एवढ्या काळात अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींनी पालिकेचे मत पहिल्यांदाच दिले. मुंबई सोडून इतरत्र बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे होते, म्हणजे एकाच मतदाराने चार गवाह्या दिल्या. पुढे पाणी आले नाही तर हा त्याच्याकडे बोट दाखवील आणि तो तिसऱ्याकडे. म्हणून चौघांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागेल. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते. कोण हजर होता, कुणी कोणता प्रश्न विचारला, ते त्यात असते. २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद झाली, बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. ती भरवा असा अर्ज प्रभागातले मतदार देऊ शकतात. अर्जाला टँकर लागत नाही. मोहल्ल्यातली दहावी-बारावी झालेली पोरे आहेत, ती लिहितील, आणि वाचनालयाच्या फळ्यावर चार नावांखाली चार रकाने आखून ठेवतील.