सत्-विचार आणि सदाचार

'सत्' या शब्दाचे दोन अर्थ शास्त्रात प्रसिद्ध आहेत. जे आहे ते सत्, आणि जे चांगले आहे तेही सत्. श्रीमद्भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायात हा शब्द अस्तित्वाच्या अर्थी, साधुत्वाच्या अर्थी आणि प्रशस्त कर्माच्या अर्थी योजिला जातो, असे श्रीकृष्णचक्रवर्तींनी सांगितले आहे. हे अर्थ एका शब्दात एकत्र नांदतात, हा केवळ भाषेचा योगायोग आहे काय? की 'असणे' आणि 'चांगले असणे' यांत काही आंतरिक संबंध आहे? विसाव्या शतकात युरोपखंडात या प्रश्नाची मोठी कठोर परीक्षा झाली. ती परीक्षा कशी झाली आणि तिच्यातून साधकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात सत्तेचा विचार ग्रीक लोकांपासून सुरू होतो. पार्मेनिडीज या तत्त्वज्ञाने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात असे प्रतिपादन केले की, जे आहे तेच आहे. जे नाही त्याचा विचारही करता येत नाही. पुढे अ‍ॅरिस्टॉटलने दाखविले की, 'आहे' हा शब्द आपण एकाच अर्थाने वापरीत नाही. घट आहे, घट तांबडा आहे, घट अंगणात आहे, या तिन्ही वाक्यांतील 'आहे' निरनिराळा आहे आणि त्या सर्वांचा आधार द्रव्य हा होय. नैयायिकांच्या पदार्थविचाराशी परिचित असलेल्या वाचकांस ही मांडणी फारशी परकी वाटणार नाही.

हाच प्रश्न विसाव्या शतकात पुन्हा ऐरणीवर आणिला तो जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी. त्यांचा जन्म १८८९ साली मेसकिर्ख या लहान गावी झाला. १९०७ साली, विद्यार्थिदशेतच, अ‍ॅरिस्टॉटलच्या मते सत्तेचे किती अर्थ होतात याविषयीचा ब्रेन्टानो यांचा प्रबंध त्यांच्या हाती आला आणि त्या प्रश्नाने त्यांस जन्मभर सोडले नाही. १९२७ साली त्यांचा 'झाइन उंट त्साइट', म्हणजे 'सत्ता आणि काल', हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, तत्त्वज्ञांनी असलेल्या वस्तूंचा विचार पुष्कळ केला, परंतु त्या वस्तूंचे 'असणे' म्हणजे काय, हा प्रश्नच ते विसरून गेले. हा प्रश्न विचारू शकणारा प्राणी एक मनुष्यच होय. कारण आपण आहोत ही गोष्ट त्याला स्वतःलाच एक प्रश्न होऊन बसते. दगड असतो, पण आपल्या असण्याची चिंता त्यास नसते. मनुष्य मात्र ती चिंता टाळण्याकरिता लोकांत मिसळून जातो. लोक बोलतात तसे बोलतो, लोक इच्छितात ते इच्छितो. मरण हे आपले स्वतःचे आहे, ते दुसरा कोणी आपल्याऐवजी मरू शकत नाही, ही जाणीव झाली म्हणजेच तो खऱ्या अर्थाने आपल्या असण्याकडे वळतो. येणेप्रमाणे त्या ग्रंथाचे सार सांगता येईल.

या विचाराचा प्रभाव फार दूरवर पसरला. फ्रान्समध्ये सार्त्र यांनी १९४३ साली सत्ता आणि अभाव यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि अस्तित्ववाद घरोघरी पोहोचला. स्वित्झर्लंडमध्ये बिन्सवांगर व बॉस या मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाकडे केवळ व्याधी म्हणून न पाहता त्याच्या संपूर्ण असण्याकडे पाहावे, असा पक्ष मांडला. गाडामर यांनी १९६० साली ग्रंथार्थनिर्णयाच्या शास्त्रास नवे रूप दिले. यंत्रयुग निसर्गाकडे केवळ शक्तीचा साठा म्हणून पाहते, ही हायडेगर यांची १९५३ सालच्या व्याख्यानातील टीका आजही उपयोगी वाटते. आपल्या देशात ज. ल. मेहता यांनी या तत्त्वज्ञानावर लिहिलेला सखोल ग्रंथ १९६७ साली वाराणसीच्या काशी हिंदू विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

१९३५ साली फ्रायबुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानमालेत हायडेगर यांनी 'असणे' या क्रियापदाची मुळे शोधिली आहेत. जर्मन भाषेतील या क्रियापदाची रूपे तीन धातूंपासून आली असून ते तिन्ही धातू संस्कृतात दिसतात, असे ते दाखवितात. 'अस्' म्हणजे जगणे, आपल्या बळावर उभे असणे. 'भू' म्हणजे उगवणे, प्रकट होणे. 'वस्' म्हणजे वस्ती करणे, राहणे. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपल्या भाषेत हे तिन्ही धातू आजही रोजच्या बोलण्यात आहेत: असणे, होणे आणि वसणे. सत्तेचा एवढा गहन विचार आणि त्याचे धागे आपल्या बोलीत, हे पाहून विद्वानास आनंद व्हावा हे साहजिकच आहे.

परंतु त्याच व्याख्यानमालेत दुसरेही एक वाक्य आहे. त्यात तेव्हा जर्मनीत सत्तारूढ असलेल्या नाझी चळवळीच्या आंतरिक सत्याची आणि महत्तेची प्रशंसा केलेली आहे. हायडेगर १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्याच वर्षी ते त्या पक्षात गेले. कुलगुरुपद त्यांनी १९३४ साली सोडले, पण पक्षाचे सभासदत्व १९४५ पर्यंत राहिले. १९५३ साली, कोट्यवधी लोकांचा संहार जगापुढे उघड झाल्यानंतर, ती व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली, तेव्हाही ते वाक्य त्यांनी तसेच राहू दिले. हाबरमास या चोवीस वर्षांच्या तरुणाने वृत्तपत्रातून त्याचा जाहीर निषेध केला. २०१४ पासून हायडेगर यांच्या खाजगी टिपणवह्या प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांत ज्यूद्वेषाचे उल्लेख आढळले आणि हा वाद पुन्हा पेटला.

गुरुशिष्यसंबंध ज्यांस पवित्र आहे अशा वाचकांस आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. 'सत्ता आणि काल' हा ग्रंथ हायडेगर यांनी आपले गुरुतुल्य मार्गदर्शक एडमुंड हुसेर्ल यांस आदराने व स्नेहाने अर्पण केला होता. हुसेर्ल जन्माने ज्यू होते. नव्या राजवटीत ते विद्यापीठाच्या जीवनातून दूर सारले गेले आणि १९३८ साली निवर्तले. त्यांच्या अंत्यविधीस हायडेगर उपस्थित नव्हते. १९४१ साली निघालेल्या आवृत्तीतून ती अर्पणपत्रिका काढून टाकण्यात आली, आत एका टीपेतील ऋणनिर्देश तेवढा राहिला. गुरूच्या आजारपणी व निधनाच्या समयी आपण कृतज्ञता व्यक्त केली नाही, ही माणूस म्हणून आपली उणीव होती, असे हायडेगर यांनी १९६६ सालच्या मुलाखतीत मान्य केले. ही मुलाखत त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या मृत्यूनंतर, १९७६ साली, छापली गेली.

येथे पूर्वपक्ष असा होतो: माणसाचा दोष ग्रंथावर लादू नये. वैद्य स्वतः रोगी असला तरी त्याचे औषध निरुपयोगी ठरत नाही. हा पक्ष सामान्यतः ग्राह्य आहे, आणि निंदेकरिता निंदा करणे साधकास शोभतही नाही. परंतु प्रस्तुत ठिकाणी तो पुरा पडत नाही. एक तर, हायडेगर यांचे ज्यू विद्यार्थी कार्ल लोव्हिट १९३६ साली त्यांस रोम येथे भेटले. आपली राजकीय निवड आपल्या तत्त्वज्ञानातूनच आली काय, या प्रश्नास हायडेगर यांनी निःसंदिग्ध होकार दिला, असे लोव्हिट यांनी लिहून ठेविले आहे. दुसरे असे की, त्या ग्रंथात मरणासन्मुख मनुष्याने निर्धार करावा असे सांगितले आहे. परंतु निर्धार कशाचा, हे सांगितलेले नाही. निर्धार चोरही करतो, संन्यासीही करतो. ज्या तत्त्वज्ञानाजवळ या दोहोंत भेद करण्याचे साधन नाही, ते मनुष्यास एकटा उभा करते. पण कोणत्या बाजूस पाऊल टाकावे हे सांगत नाही.

यावर आणखी शंका अशी: सत्तेचे तत्त्वज्ञान हे ज्ञानशास्त्र आहे, त्याच्यापासून आचाराची अपेक्षा का करावी? हायडेगर यांस नीतिशास्त्र कधी लिहिणार असे एका तरुणाने विचारले होते. मानवतावादावरील आपल्या सुप्रसिद्ध पत्रात, जे १९४७ साली छापले गेले, त्यांनी याचे उत्तर दिले. नीतीसाठी ग्रीकांचा जो मूळ शब्द आहे त्याचा अर्थ निवासस्थान असा आहे. तेव्हा मनुष्य सत्तेच्या सान्निध्यात कसा वसतो याचा विचार हेच मूळ नीतिशास्त्र होय, असे ते म्हणतात. हे उत्तर सखोल आहे. परंतु आपल्या भाषेतील 'वसणे' हा शब्द घेऊन पाहावे. वसणे झाले की वस्ती आली, वस्ती आली की शेजारी आला. मी कसा वसतो, हा प्रश्न माझ्या शेजाऱ्यास वसू देतो की नाही, या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. तो वेगळा केला गेला, हाच त्या विचारातील छिद्राचा ठाव होय.

हे छिद्र ज्यांनी स्पष्ट दाखविले ते इमॅन्युएल लेव्हिनास. लिथुआनियातील कौनास येथे जन्मलेले हे ज्यू तत्त्वज्ञ १९२८-२९ साली फ्रायबुर्ग येथे हुसेर्ल व हायडेगर या दोघांपाशी शिकले होते आणि हायडेगर यांच्या ग्रंथाची थोरवी त्यांनी कधी नाकारली नाही. युद्धात ते फ्रेंच सैनिक म्हणून १९४० साली पकडले गेले आणि जर्मन बंदिवासात त्यांनी पाच वर्षे काढिली. इकडे लिथुआनियातील त्यांचे आईवडील व भाऊ मारले गेले. बंदिवासातील एक प्रसंग त्यांनी १९७५ साली लिहिला. रोज कामावर नेले जाताना वाटेतील लोक या बंद्यांकडे जणू ती माणसेच नव्हेत अशा दृष्टीने पाहत. एक भटका कुत्रा मात्र ते परत येताना आनंदाने उड्या मारीत सामोरा येई. बंद्यांनी त्याचे नाव बॉबी ठेविले होते. ती माणसे आहेत याविषयी त्या कुत्र्यास संशय नव्हता. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी त्याला हाकलून दिले.

१९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लेव्हिनास यांनी असे मांडले की, तत्त्वज्ञानाचा आरंभ 'असणे' या प्रश्नापासून होत नाही. तो दुसऱ्याच्या मुखापासून होतो. समोरच्याचे मुख पाहताच 'मला मारू नकोस' ही आज्ञा आपल्यापर्यंत येते. ती युक्तिवादाने सिद्ध करावी लागत नाही. दुसरा हा माझ्या ज्ञानाचा विषय होऊन संपत नाही. तो माझ्या कल्पनेहून नेहमी अधिक राहतो. म्हणून नीती हेच पहिले तत्त्वज्ञान. १९७४ सालचा त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ नाझींनी मारलेल्या साठ लाखांतील आपल्या आप्तांच्या आणि तशाच द्वेषास बळी पडलेल्या सर्व धर्मांच्या व राष्ट्रांच्या लोकांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. ही अर्पणपत्रिका आणि १९४१ साली काढून टाकलेली ती अर्पणपत्रिका, या दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात.

आता या सर्वांतून आपण काय घ्यावे? पाश्चात्त्यांच्या उणिवा मोजून संतोष मानावा, असा या लेखाचा हेतू नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न आहेत, हा आपला सिद्धांत होय. या सिद्धांतानुसार समोरचा जीव माझ्यात विरून जाणारा नाही, माझ्या विचाराची ती छाया नाही. तो स्वतंत्र आहे आणि दुःख भोगणारा आहे. दुसऱ्याचे दुसरेपण इतक्या स्पष्टपणे ज्या दर्शनात मान्य आहे, त्या दर्शनाच्या अनुयायांवर हिंसावर्जनाचे दायित्व अधिकच येते. सूत्रपाठात विचार प्रकरण आहे आणि आचार प्रकरणही आहे. एक कंठस्थ करून दुसरे सोडावे, अशी मुभा कोठेही नाही.

तथापि ही शंका प्रत्येकाने आपल्या ठायी करून पाहावी. पदार्थनिर्णयावर तासभर निरूपण करणारा वक्ता निरूपणानंतर पंगतीत कोणाशेजारी बसतो? आश्रमातील वृद्ध भिक्षू आजारी असता त्याच्याजवळ रात्री कोण जागतो? दारी आलेला अपरिचित मनुष्य, ज्याच्यापासून आपणांस काही मिळावयाचे नाही, त्याच्याशी आपण कोणत्या शब्दांत बोलतो? ज्याची बुद्धी विसाव्या शतकात सर्वांत सूक्ष्म म्हणून गणली गेली, तो मनुष्य आपल्या गुरूच्या अंत्यविधीस गेला नाही. तेव्हा बुद्धीच्या सूक्ष्मतेवर विसंबून राहणे कोणासही परवडणारे नाही. सत्-विचार खरोखर आत उतरला की नाही, याचा निर्णय ग्रंथात होत नाही. तो समोर आलेल्या जीवाशी आपण कसे वागतो तेथे होतो.

सुज्ञ वाचकांनी यावर आपल्या परीने चिंतन करावे, एवढीच विनंती. दंडवत प्रणाम.