वस्तू विकावी, सत्य विकू नये

गेल्या हिवाळ्यात दारव्ह्याकडील एका खेड्यात आमचा मुक्काम होता. रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर चार माणसे बसली असता एका तरुणाने आपल्या फोनवर एक चित्र दाखविले. एका धनवानाच्या खासगी संग्रहातील जुनी, उघड्या छताची, दोन माणसांची शर्यतीची मोटार विक्रीस निघाली होती व तिची किंमत कोटींत सांगितली होती. जवळ बसलेल्या एका शेतकरीदादांनी ते चित्र न्याहाळून विचारले, “हिच्यात कापूस किती मावते जी?” सर्वजण हसले. पण तेथील उपदेशक हसले नाहीत. ते म्हणाले, “पाळकसाहेब, एका मोटारीत आमच्या गावच्या साऱ्या विहिरी होतील. मग असली वस्तू विकणारा मनुष्य काही गैर करतो, की करीत नाही?”

त्या रात्री आम्ही काहीतरी उत्तर दिले. परंतु ते आमचे आम्हांसच पुरले नाही. म्हणून तो प्रश्न आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम ही वस्तू काय असते ते पाहू. अशा मोटारी केवळ परदेशच्या गोष्टी नव्हेत. आपल्या मराठी मुलुखाशीही त्यांचा संबंध आहे. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचे आडनाव पडले, त्या होळकर घराण्यातील इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव (जन्म 1908, मृत्यू 1961) यांस मोटारींचा मोठा शोक होता. सन 1936 च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एक मोटार करविली. तिचे यंत्र अमेरिकेचे आणि वरचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचा. छत उघडे, रंग नारिंगी व काळा. तिच्या यंत्राचे बळ कंपनी 320 अश्वशक्ती सांगत असे. आपल्या शेतावरचा ट्रॅक्टर चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा धरला, तर सात ट्रॅक्टरांचे बळ एका मनुष्याच्या पायाखाली होते. पुढे सन 1937 मध्ये ती कंपनी बुडाली. सन 1948 मध्ये होळकरांचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले, आणि ती मोटार कालांतराने अमेरिकेतील संग्रहात गेली. महाराजांच्या माणिकबाग राजवाड्यातील सामानाचा लिलाव सन 1980 मध्ये युरोपात माँटे कार्लो येथे झाला. आणि त्या वाड्यात सरकारी करखात्याचे कार्यालय आले.

ह्यावरून एक गोष्ट सहज दिसते. ज्याने वस्तू करविली तो गेला, ज्याने घडविली तो कारखाना गेला, ज्याच्या वैभवासाठी ती आणली ते राज्यही गेले. वस्तू मात्र राहिली व हातोहात फिरत राहिली. तेव्हा अशा वस्तूचा मालक हा खरे पाहता तिचा काही वर्षांचा राखणदार होय. तिच्यापूर्वी तो नव्हता व तिच्यानंतर बहुधा तो नसेल.

आता उपदेशकांच्या प्रश्नाकडे वळू. ज्या जिल्ह्यात कापसाच्या भावावर घरे उभी राहतात व पडतात, तेथील मनुष्यास एका मोटारीची किंमत ऐकून चीड यावी, ह्यात नवल नाही. त्या चिडीस आम्ही वाईट म्हणत नाही. इतके धन एका चैनीत घालावे काय, हा प्रश्न घेणाऱ्याने आपल्या मनास अवश्य विचारावा. परंतु विकणाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. त्याच्या घरात निजलेले धन तो बाहेर काढीत आहे. एकुलती एक वस्तू व ती घेऊ इच्छिणारे अनेक, म्हणून भाव चढतो. तो काही त्याने कोणाच्या ताटातून ओढलेला नसतो. भाव मोठा आहे एवढ्यावरून विक्री पापाची ठरत नाही, जसा भाव लहान आहे एवढ्यावरून ती पुण्याची ठरत नाही. दोन रुपयांच्या सौद्यातही लबाडी मावते.

मग विकणाऱ्याची कसोटी कोठे आहे? आमच्या मते ती एका प्रश्नात आहे: तो नेमके काय विकीत आहे, आणि जे विकतो म्हणतो तेच देतो काय?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. लंडनच्या न्यायालयात सन 1990 मध्ये याच प्रश्नावर एक मोठा खटला झाला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाची बेंटली कंपनीची एक उघडी शर्यतीची मोटार होती. फ्रान्सातील ल माँ येथे चोवीस तास चालणारी शर्यत तिने सन 1929 व 1930 अशी लागोपाठ दोनदा जिंकली होती. पुढे शर्यतींसाठी तिचे भाग वेळोवेळी बदलले गेले. सन 1932 मध्ये ब्रुकलँड्स येथील शर्यतीत ती घसरून तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला; नंतर ती पुन्हा उभी करण्यात आली. सुमारे एक कोटी पौंडांस तिचा सौदा ठरला तेव्हा घेणारा अडला. त्याचे म्हणणे, “जिने शर्यत जिंकली ती मोटार ही नव्हेच, तिचे सारे भाग बदललेले आहेत.”

आपल्याकडेही हा प्रश्न आहे. आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा बापाने बदलला व पाते मुलाने बदलले; तर ती आजोबांची कुऱ्हाड राहिली काय? न्यायमूर्ती ऑटन यांनी ‘मूळची’ आणि ‘अस्सल’ या दोन शब्दांत भेद केला. ही मोटार जशी प्रथम घडविली तशीच्या तशी राहिली आहे, असे म्हणता येत नाही. परंतु तिचा इतिहास अखंड आहे. एक मोटार संपली व दुसरी सुरू झाली असा क्षण त्यात कोठेही नाही. म्हणून ती अस्सल होय, असा निकाल त्यांनी विकणाऱ्याच्या बाजूने दिला.

ह्या निकालातून आम्ही जो बोध घेतो तो असा. भाग बदलल्याने वस्तू खोटी होत नाही. बदल लपविल्याने ती खोटी होते. जिच्या प्रत्येक जोडाची हकीकत उजेडात आहे, ती जोडलेली असूनही खरी. जिचा एकच जोड रंगाखाली दडविला आहे, ती बाकी सारी मूळची असूनही सौद्यात खोटी ठरते.

आपल्या सरकारनेही हा मुद्दा ओळखला आहे. सन 2021 मध्ये जुन्या मोटारींविषयी केंद्र सरकारने नियम केले. प्रथम नोंदणीपासून 50 वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, आणि ज्याच्या सांगाड्यात किंवा यंत्रात मोठा फेरफार झालेला नाही, अशा वाहनासच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये असून तिची मुदत 10 वर्षांची आहे. असे वाहन रोजच्या कामास किंवा धंद्यास चालविता येत नाही. ते विकण्यास मोकळीक आहे; मात्र घेणाऱ्याने व विकणाऱ्याने 90 दिवसांच्या आत परिवहन खात्यास कळविले पाहिजे. नियम चांगला आहे. परंतु कागद मनुष्याच्या मनात डोकावू शकत नाही. कोणता जोड कोठे आहे, हे पुष्कळदा विकणाऱ्यासच ठाऊक असते.

वाचक म्हणतील, कोटींच्या मोटारी आमच्या दारी कोठे आहेत? नाहीत, हे खरे. पण बैलबाजार आहे. हेडी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवितो, आणि बैल बसका आहे की मारका आहे, हे घेणाऱ्यास घरी गेल्यावर कळते. कापसाच्या गंजीवर रात्री पाणी मारले जाते. व्यापारी काटा मारतो म्हणून शेतकरी ओल मारतो, आणि दोघेही म्हणतात, पहिला दोष दुसऱ्याचा. इतरांस सांगण्यापूर्वी आम्हांस मात्र स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही आपली जुनी मोटारसायकल विकावयास काढली. मागच्या चाकाजवळ तिची चौकट एकदा तुटली होती. मिस्त्रीने वेल्डिंग करून वर रंग दिला होता. दूध घालणारा एक तरुण ती घ्यावयास आला. त्याने विचारले, “कुठं जोडबीड तं नाही नं, पाळकसाहेब? तुमच्या शब्दावर घेतो.” आम्ही उत्तर दिले, “ह्या गाडीने आम्हांस कधी रस्त्यात सोडले नाही.” हे वाक्य अक्षरशः खरे होते, चौकट तुटली ती अंगणात. त्याने पैसे मोजले व गाडी नेली.

तीन महिन्यांनी दुधाच्या कॅनसह तो जोड तुटला. त्यास फारसे लागले नाही, दूध सांडले. तो आमच्याकडे आला तेव्हा भांडला नाही. एवढेच म्हणाला, “गाडी तुटली त्याचं काही नाही जी. सांगितलं असतं तरी घेतली असती. दोन हजार कमी केले असते, बस.” आम्ही ते दोन हजार व दुधाचे पैसे त्याच्या हाती दिले. पुढे काही वर्षांनी आमच्या घरचे शिलाईयंत्र विकावयाचे होते. तो आला, पण सोबत मिस्त्री घेऊन आला.

त्या दिवशी आम्हांस कळले की दोन हजारांस आम्ही काय विकले होते. मोटारसायकल विकण्याचा हक्क आमचा होता, किंमत सांगण्याचा हक्कही आमचा होता. परंतु तिच्याविषयीचे सत्य आमच्या मालकीचे नव्हते. ते घेणाऱ्याचेही होते. जे आपले नाही ते आम्ही दाबून ठेवले, आणि त्याच्या मोबदल्यात आपल्या शब्दाचे मोल गमाविले. पैसे परत देता आले. ते मोल परत घेता आले नाही.

तर आता त्या उपदेशकांस आमचे उत्तर असे. ज्याच्या संग्रहात राजाची मोटार आहे त्याने ती खुशाल विकावी. कोणी तिला किती वर्षे राखले, तिचा कोणता भाग केव्हा बदलला, कोठे अपघात झाला, हे सारे मोटारीसोबत पुढच्या राखणदाराच्या हवाली करावे. किल्ली दिली आणि हकीकत दिली नाही, तर अर्धी मोटार घरीच राहिली असे समजावे. आणि ज्याच्या दावणीस एक बैल आहे त्यासही हाच नियम लागू आहे, कमी नाही व जास्त नाही. बैलाचा भाव करताना त्याची खोड प्रथम सांगावी. मग रुमालाखाली बोटे धरावी.

पुष्कळ घरी बैल विकताना दावे देत नाहीत. ते आठवण म्हणून खुंटीस राहते. दावे खुशाल ठेवावे. खोड मात्र ठेवून घेऊ नये.