शेवटच्या कवीपर्यंत बस

चि. छकुलीस,


यवतमाळला खोली करून राहायला लागल्यापासून तुझा पहिला पावसाळा सरला. आजी सांगत होती की तू मैत्रिणींबरोबर कवितांच्या कार्यक्रमांना जातेस आणि रात्री वहीत काही लिहीतही असतेस. ऐकून फार बरं वाटलं गं. (मेसच्या भाजीत तिखट फार असतं म्हणालीस ना, मग दही घेत जा, आणि उपाशी पोटी कार्यक्रमाला बसू नकोस, आपल्याकडे सातचा कार्यक्रम आठला सुरू झाला तरी लवकरच म्हणायचा.)

तू ज्या गावात राहतेस त्या गावाला कवितेचा कान आहे, हे तुला तिथं राहून आपोआप कळेल. भाऊसाहेब पाटणकर त्याच गावचे. पेशानं वकील, नाद शिकारीचा, आणि पुढे दृष्टी अधू झालेला हा माणूस उर्दू शायरीचा सगळा थाट मराठीत घेऊन उभा राहिला. हौसेनं ऐकणारे लोक त्यांना गावोगाव बोलावत. शेर म्हणायची रीत तू आता पाहिली असशील: पहिली ओळ म्हणायची, थांबायचं, लोकांकडे बघायचं, तीच ओळ पुन्हा म्हणायची, आणि सगळे कानात प्राण आणून बसले की मग दुसरी ओळ सोडायची. त्या मधल्या थांबण्यातच निम्मी शायरी असते, बेटा. ज्याला थांबता येत नाही त्याचा चांगला शेरही वाया जातो, आणि ज्या ऐकणाऱ्याला थांबवत नाही त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही.

बोरी अरबचे शंकर बडे तर आपल्या दारव्हा तालुक्यातले. ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा त्यांचा एकपात्री प्रयोग, सगळा आपल्या वऱ्हाडी बोलीतला. लोक पोट धरून हसत आणि हसता हसता गप्प होत, कारण बोलता बोलता शेतकऱ्याचं दुखणं मध्येच पुढे येऊन बसे. २०१६ साली ते गेले. त्यांचं नाव मी मुद्दाम घेतो, कारण माईकपुढे गेलं की आपली पोरं एकदम पुस्तकासारखी बोलायला लागतात. तू तसं करू नकोस. आजीशी बोलतेस तीच भाषा तिथं बोल. ती कुठेही उणी पडत नाही.

आणि कविता म्हणायला सभागृहच लागतं असं थोडंच आहे? पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात, वाजंत्री थांबते, आणि कुणीतरी पागोटं सावरत पुढे येऊन झडती म्हणतो. कापसाचा भाव, पुढाऱ्याचं आश्वासन, सावकार, नवराबायकोचं भांडण, सगळं तिच्यात येतं. नेम अचूक बसला की सगळं गाव ‘हर हर महादेव’ करून दाद देतं, मग लगेच दुसऱ्या बाजूचा उत्तर द्यायला पुढे होतो. झडती म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना लिहिता येत नसे, पण यमक चुकत नसे. लहानपणी तू माझ्या खांद्यावर बसून झडत्या ऐकल्यास, म्हणजे तुझं पहिलं कविसंमेलन ते.

मोठं मराठी साहित्य संमेलनही यवतमाळनं दोनदा भरवलं. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. मग थेट ४६ वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, ब्याण्णवावं संमेलन झालं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं आणि ते निमंत्रण मागे घेतलं गेलं. ते चुकलंच. पाहुण्याला बोलावून दार लावायची आपल्या जिल्ह्याची रीत नाही, आणि ढेरेबाईंनीही ते व्यासपीठावरून स्पष्ट बोलून दाखवलं. मग उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर त्यांनी एकटीनं संसार ओढला, आणि शेतकऱ्यांच्या विधवांनीच रंगमंचावर आणलेल्या ‘तेरवं’ नाटकातही काम केलं. मोठमोठ्या साहित्यिकांसमोर आपल्याच जिल्ह्यातली बाई उभी राहिली आणि सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. मनात भीती वाटली की तिला आठव.

तुझ्या चांगुलपणाची मला काळजी नाही, ती कधीच नव्हती. काळजी आहे ती घाईची. कार्यक्रमात एक गोष्ट तुझ्या नजरेला आली असेल: कवी येतो, आपलं नाव पुकारेपर्यंत चुळबुळ करतो, कविता म्हणतो, टाळ्या घेतो, आणि पुढच्याची कविता सुरू व्हायच्या आत चपला शोधायला लागतो. शेवटचा कवी उभा राहतो तेव्हा समोर उरतात सूत्रसंचालक, आयोजक आणि सतरंजी गुंडाळायला थांबलेला माणूस. हे मला फार लागतं. तो शेवटचा कवी बहुधा सगळ्यांत दुरून, दोन एस.ट्या बदलून आलेला असतो. त्याच्यासाठी बस. तुझ्या एका ‘वा!’नं त्याचा परतीचा रस्ता सोपा होईल. (परतताना मात्र एकटी येऊ नकोस, मैत्रिणीला संगं घे, आणि रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेव, ती काटकसर करायची जागा नाही.)

काटकसर करायची तर चहा-सामोशात कर आणि महिन्याला एका नव्या कवीचं पुस्तक विकत घे. फुकट सही करून मागू नये, त्यानंही पदरचे पैसे घालून छापलेलं असतं. कच्चं लिहायला जुन्या वह्यांची कोरी पानं वापर. आणि लिहायचंच तर पहाटे लिही. पाचला उठलीस की मेसची भांडी वाजायच्या आत तास-दीड तास तुझा असतो. रात्री टाळ्यांच्या भरात लिहिलेलं सकाळी वाच. जे तेव्हाही खरं वाटेल तेवढं ठेव.

मैत्रिणी म्हणत असतील, मोबाईलवर टाक, पुस्तक काढ, स्पर्धेला पाठव. सगळं होईल गं. अर्धं उकललेलं बोंड ओढून काढलं तर हाती कवडी येते, हे कापसाच्या घरात वाढलेल्या पोरीला मी काय सांगायचं? एक कविता घे, ती पाठ कर, चालता-बोलता मनात घोळव, अडेल तिथं बदल. कागद न बघता म्हणता आली की मग माईकपुढे जा.

कोजागिरीला तिकडे कुठे ना कुठे दुधाबरोबर कविता असतीलच. जा, पुढे बस, फोन पिशवीत ठेव. कोण कोण आले होते, कुणाची कविता आवडली आणि का, ते मला सविस्तर लिहून पाठव. फोनवर सांगू नकोस, पत्रच लिही. मी आजीला वाचून दाखवीन.

तुझे,
आबा