डोंगराकडे जाणारी वाट आणि तिचे राखणदार

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता १२१

ह्या स्तोत्राच्या आरंभी एक वाटसरू उभा आहे. त्याने मान वर करून डोंगरांकडे पाहिले, आणि पाहताच त्याच्या मनात प्रश्न उठला की, आपणांस साहाय्य कोठून मिळावे? पुष्कळ लोक हे स्तोत्र घाईने म्हणतात आणि साहाय्य डोंगरांतूनच येते असे समजतात. घाट चढून ज्याचे गुडघे थकले आहेत तो अशी चूक करणार नाही. यरुशलेमेस सणासाठी पायी जाणाऱ्यांची जी पंधरा आरोहणस्तोत्रे आहेत त्यांत हे दुसरे. ऊन आहे, निसरडे दगड आहेत, रात्र पडण्यापूर्वी मुक्काम गाठावयाचा आहे. अशा माणसाला डोंगर पाहून धीर येत नसतो, त्याचा असलेला धीर खचतो. म्हणूनच तो प्रश्न विचारतो.

त्या प्रश्नाचे वजन कळावे म्हणून आज आपण मनाने एका परदेशी वाटेवर एक दिवस चालू या. स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचे नगर आहे. जब्दीचा मुलगा याकोब ह्याची कबर तेथे आहे अशी समजूत नवव्या शतकापासून चालत आली, आणि तेव्हापासून युरोपातील लोक तेथे पायी जात आले. हेरोदाने याकोबास तरवारीने मारिले एवढे प्रेषितांची कृत्ये सांगतात. तो स्पेनला गेला होता असे शास्त्रात कोठेही नाही. तेव्हा त्या कबरेविषयी आम्ही येथे वाद घालीत नाही. आम्हांस आज वाटेविषयी बोलावयाचे आहे. फ्रान्सच्या सरहद्दीपासून ही वाट सुमारे ७८० किलोमीटर आहे, आणि चालणाऱ्यास तिला महिनाभर तरी लागतो.

आस्तोर्गा हे त्या वाटेवरील जुने रोमी नगर. येथे सपाट मुलूख संपतो व पश्चिमेस डोंगरांची निळी रेघ दिसू लागते. मध्ययुगात ह्या एका नगरात यात्रेकरूंसाठी वीसपेक्षा अधिक धर्मशाळा होत्या. डोंगर चढण्यापूर्वी लोकांनी येथे दम खावा, आजाऱ्याने बरे व्हावे, एकट्याने सोबत शोधावी, हा त्यांचा हेतू. सकाळी आपण येथून निघतो. वाट पश्चिमेची असल्यामुळे आपलीच सावली आपल्यापुढे चालत असते. दुपार टळली म्हणजे सूर्य तोंडावर येतो. मुरियास, सांता कातालिना, एल गान्सो अशी दगडी घरांची लहान लहान गावे एकामागून एक लागतात. तांबडी माती, खुरटी झुडपे, मधूनच ओक वृक्षांची राई. चढ इतका हळू आहे की पायांना कळतो, डोळ्यांना कळत नाही.

ह्या मुलखातील लोकांस मारागातो म्हणतात. हे खेचरांवरून मालाची ने-आण करीत. आपल्याकडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून फिरणारे वंजारी होते, तसे हे. समुद्रकाठची मासळी देशाच्या आत आणणे हा त्यांचा धंदा, आणि सचोटीविषयी त्यांचा मोठा लौकिक. लादलेली जनावरे आत यावीत म्हणून त्यांच्या घरांचे दरवाजे रुंद आहेत. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली आणि हा धंदा बसला. त्यांच्या जेवणाची एक गंमत अजून टिकून आहे : आधी मांस, मग भाजी व हरभरे, आणि रस्सा सर्वांत शेवटी. वाटेवरच्या माणसाला केव्हा उठावे लागेल ह्याचा नेम नसतो, म्हणून जड अन्न आधी पोटात घालीत, असे लोक सांगतात. खरे कारण काहीही असो, वाट चालणाऱ्याची भूक ज्याने जाणिली तोच असा क्रम लावील.

सुमारे वीस किलोमीटर चालल्यावर राबानाल येते. गावाअलीकडे रस्त्याच्या कडेला तारेचे कुंपण आहे. येणारे-जाणारे काटक्या वेचून त्या तारांत क्रूस विणून ठेवितात. गावात पूर्वीच्या पाळकघरात एक धर्मशाळा आहे. लंडन येथील एका यात्रेकरू-मंडळाने ती १९९१ साली उघडली. ती चालविणारे स्वयंसेवक असतात. काही आठवडे येतात, अंथरुणे झाडतात, दुपारी चहा करितात, सकाळी न्याहारी देतात व परत जातात. अमुक पैसे द्या असे तेथे कोणी म्हणत नाही; ज्याला जे देववेल ते त्याने पेटीत टाकावे. समोर बाराव्या शतकातील लहानसे मंदिर आहे. तेथे २००१ पासून राहणारे मठवासी संध्याकाळी स्तोत्रे गातात. आमची उपासनेची रीत त्यांच्याहून निराळी आहे. परंतु थकलेल्या माणसासमोर दार उघडे ठेवणे ह्यात रीतीचा प्रश्न येत नाही.

ह्या धर्मशाळेस गाउसेल्मो ह्याचे नाव दिले आहे. तो कोण? राबानालच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, फोन्सेबादोन नावाचे गाव आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते, धुके उतरते, वाट नाहीशी होते. ह्या एकांतवासी माणसाने तेथेच यात्रेकरूंसाठी आश्रय उभा केला, आणि ११०३ साली राजा सहावा आल्फोन्सो ह्याने त्या आश्रयास सनद दिली. ज्या ठिकाणाहून माणसे घाईने निघून जाऊ पाहतात तेथे तो मुद्दाम राहिला. पुढे उतारावर एल असेबो गाव आहे. तेथील लोकांनी बर्फात वाट कळावी म्हणून खांब रोवून ठेवावेत, व त्याबद्दल त्यांस कराची सूट असावी, असा जुना ठराव होता. वाचकहो, ह्या खांबांचा विचार करा. ज्याच्यासाठी खांब रोवला तो कोण, कोणत्या देशाचा, कोणत्या रात्री येईल, हे रोवणाऱ्याला ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकात यात्रेकरू विरळ झाले, लोक पोटासाठी शहरांकडे गेले, आणि फोन्सेबादोन बहुतेक ओसाड पडले. घरांची छपरे कोसळली. पुढे १९८४ च्या सुमारास एलियास वालिन्या नावाच्या एका डोंगरी गावच्या पाळकाने पिवळा रंग घेऊन ह्या वाटेवर बाण काढावयास आरंभ केला. त्या वेळी वर्षातून काही शेकडा माणसे यात्रा पुरी करीत. १९८९ साली तो वारला. २०२४ साली सर्व वाटांनी मिळून जवळजवळ ५ लाख लोकांस यात्रेचा दाखला मिळाला, आणि फोन्सेबादोनच्या पडक्या भिंतींमध्ये पुन्हा चुली पेटल्या. त्याहून वर, सुमारे १५०० मीटर उंचीवर, लोखंडी क्रूस आहे. त्याच्या पायथ्याशी यात्रेकरू घरून आणिलेला दगड टाकून जातात. पापाचे ओझे दगडाबरोबर टाकता येते असे आम्ही मानीत नाही. पण तो डोंगर उद्याचा आहे. आजची चाल राबानालला संपली.

आता आपणांपैकी कोणी म्हणेल की, यात्रेचे एवढे वर्णन ह्या पत्रात कशास? मार्टिन लूथर ह्याने १५२० सालीच लिहिले नव्हते काय की, मनुष्य रोमेची यात्रा करितो, पैसा घालवितो, आणि इकडे बायकामुले व शेजारी हालात राहतात? होय, लिहिले होते, आणि ते योग्य होते. कोणत्याही डोंगरावर देव अधिक नाही व कोणत्याही खळग्यात कमी नाही, हे प्रभूने शोमरोनी स्त्रीला विहिरीवर सांगितले. परंतु लूथरचे बोट कोणाकडे आहे ते पाहा. त्याला घरी राहिलेल्या शेजाऱ्याची काळजी आहे. ह्या स्पॅनिश वाटेवर जे जे टिकण्यासारखे आम्हांस दिसते ते चालणाऱ्याने केलेले नाही. ते एका जागी राहिलेल्याने केलेले आहे.

स्तोत्राकडे परत या. आठ वचनांच्या ह्या लहान स्तोत्रात मूळ इब्री भाषेतील राखण करणे हा एकच शब्द सहा वेळा आला आहे. परमेश्वर राखणदार आहे. तो डुलकी घेत नाही, झोपत नाही. हे वर्णन राजाचे नव्हे. राजा झोपतो आणि त्याच्या दाराशी दुसरा जागतो. हे वर्णन जागल्याचे आहे, येसकराचे आहे.

हा शब्द आम्ही जाणून वापरीत आहो. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांनी पिढ्यानुपिढ्या येसकरकी केली. संध्याकाळी वेस लावावी, रात्री जागावे, आल्यागेल्याची खबर ठेवावी, परक्या वाटसरूला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवावे, हे त्यांचे काम. ज्या वेशीची त्यांनी राखण केली तिच्या आत घर बांधण्याची त्यांस मुभा नव्हती. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली, आणि गेली ते बरे झाले. त्या कामात सक्ती होती व अपमान होता. परंतु ज्या कामाला गावाने हलके म्हटले ते काम ह्या स्तोत्रात आकाश व पृथ्वीच्या कर्त्याने स्वतःचे म्हणून घेतले आहे. आणि इब्री लोकांस पत्राचा तेरावा अध्याय पाहा : अनोळख्यांचा पाहुणचार विसरू नका असे ज्यात सांगितले आहे, त्याच अध्यायात हेही आहे की प्रभूचे मरण वेशीबाहेर झाले.

मागील हंगामातील एक गोष्ट आमच्या कानी आली आहे. गावाचे नाव सांगत नाही. अवकाळी पावसाच्या रात्री ऊसतोडीचे एक बिऱ्हाड, दोन लेकरे व एक म्हातारी, प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर आले. एका वडीलधाऱ्या सभासदाने प्रथम गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि मग सांगितले की किल्ली पंचांकडे आहे. बिऱ्हाड बैलगाडीखाली राहिले. विचारणाऱ्याचे पणजोबा त्याच गावचे येसकर होते.

दिवाळी जवळ आली आहे. ती सरली की टोळ्या निघतील. बीडकडून, अहिल्यानगरकडून गाड्या व ट्रॅक्टर कारखान्यांच्या दिशेने जाऊ लागतील. उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, येत्या रविवारी उपासनेनंतर पंचांस बसवावे. मंदिराच्या ओसरीचा दिवा रात्रभर कोणी लावावा, किल्ली रस्त्याजवळच्या कोणत्या घरी असावी, पिण्याच्या पाण्याचे पिंप कोणी भरावे, हे नावानिशी ठरवून वहीत लिहून ठेवावे. आडनाव विचारू नये हेही त्याच पानावर लिहावे.