अपात्रतेची कबुली

पवित्र मिस्सामध्ये एक क्षण असा येतो की, सवयीमुळे आपले त्याकडे फारसे लक्ष जात नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी धर्मगुरू आणि भाविक सारेच आपल्या अपात्रतेची मोठ्याने कबुली देतात, आणि ती कबुली ओठांवर असतानाच भाविक बाकांवरून उठून वेदीच्या दिशेने चालू लागतात. जवळजवळ तीस वर्षे मी हे शब्द दररोज उच्चारीत आलो आहे. त्यांत आणि त्यापुढच्या कृतीत काही विसंगती असू शकेल, असे माझ्या मनातही आले नव्हते. ती मला एका शेतकऱ्याने दाखवून दिली.

वसई परिसरातील एका धर्मग्रामात मी सेवेला होतो, तेव्हाची ही गोष्ट. हा गृहस्थ दर रविवारी पहिल्या मिस्साला येई आणि अगदी मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसे. मिस्सा तो कधी चुकवीत नसे. परंतु कम्युनियनच्या रांगेत मात्र तो कधी दिसला नाही. तरुणपणी दारूपायी त्याने घराची वाताहत केली होती. पुढे दारू सुटली, संसार सावरला, वाडीत पुन्हा केळी उभी राहिली. पण त्याचा बाक काही बदलला नाही. एकदा परुशी आणि जकातदार यांच्या दृष्टान्तावर प्रवचन करताना मी नाव न घेता त्या मागच्या बाकाचा गौरव केला. ज्यांनी ओळखायचे त्यांनी ओळखले. ‘केवढी ही नम्रता!’ असे उद्गार मी त्या दिवशी काढले होते. आज त्या उद्गारांची मला लाज वाटते.

काही महिन्यांनी घरभेटीच्या निमित्ताने मी त्याच्या ओटीवर बसलो होतो. (पुढील बोलणे प्रायश्चित्त संस्कारातील नव्हे; ते पत्नीसमक्ष झाले आणि ते लिहिण्याची मुभा त्यानेच मला दिली आहे.) मी सहज विषय काढला. तो म्हणाला, “फादर, देवाने माफ केलं, ते मला मान्य आहे. पण लोक ‘मी लायक नाही’ असं म्हणतात आणि लगेच रांगेत उभे राहतात. मला ते जमत नाही. मी खरोखरच लायक नाही, म्हणून बसून राहतो. त्यात माझं काय चुकतं?”

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. चहा संपवून, घराला आशीर्वाद देऊन मी परतलो. ज्याला मी नम्रता म्हटले, ती नम्रता नव्हती काय? आणि नसेल, तर मग ते होते तरी काय?

स्वतःविषयीच्या अशा अविश्वासावर आजच्या जगाजवळ एक सोपा उपाय आहे. माणसाला सांगावे, ‘तू समर्थ आहेस, तुझ्यात सारे काही आहे, फक्त स्वतःवर विश्वास ठेव.’ या उपदेशात थोडे तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. मुलाच्या पाठीवर शाबासकीची थाप पडलीच पाहिजे. परंतु ज्याने आपला दुबळेपणा जवळून पाहिला आहे, त्याला हा उपदेश पोकळ वाटतो. आपण घरात काय केले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आरशासमोर उभे करून ‘तू उत्तम आहेस’ असे म्हणावयास लावणे ही त्याची एक प्रकारे थट्टाच होय.

पवित्र शास्त्र हा मार्ग धरीत नाही. होरेब डोंगराजवळ सासऱ्याची मेंढरे राखणाऱ्या मोशेला परमेश्वराने मिसर देशात परत जाण्यास सांगितले, तेव्हा त्याने एकामागून एक हरकती घेतल्या. एवढे मोठे काम करणारा मी कोण, हा त्याचा पहिला प्रश्न. लोक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, ही पुढची शंका. आपल्याला नीट बोलता येत नाही, आपली जीभ जड आहे, हीदेखील त्याची तक्रार. शेवटी तर दुसऱ्या कोणाला तरी पाठव, अशी विनवणीच त्याने केली. या संवादात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परमेश्वराने एकदाही त्याला ‘तू चांगला वक्ता आहेस’ असे सांगितले नाही. त्याच्या गुणांची यादी वाचली नाही. ‘मी कोण’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मोशेला मिळालेच नाही; मिळाले ते सोबतीचे अभिवचन, आणि आधाराला भाऊ अहरोन. मोशेची जीभ त्यानंतर सुटली, असेही निर्गमच्या ग्रंथात कोठे म्हटलेले नाही. त्या जड जिभेनिशीच तो फारोपुढे उभा राहिला.

या प्रसंगावर पोप संत ग्रेगरी यांनी केलेले भाष्य तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात उद्धृत केले आहे. त्याचा आशय असा की, एवढ्या लोकांचे नेतृत्व मोशेने न कचरता स्वीकारले असते तर तो कदाचित गर्विष्ठ ठरला असता; परंतु निर्माणकर्त्याची आज्ञा त्याने अखेरपर्यंत नाकारली असती, तरीही तो गर्विष्ठच ठरला असता. संत थॉमस याहून एक पाऊल पुढे जातात. मनाच्या कोतेपणाला, म्हणजे आपल्या शक्तीत असलेल्या कार्यापासून भीतीने मागे सरण्याला, ते दोष मानतात आणि धन्याने दिलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला देतात. हा कोतेपणा कधीकधी गर्वातूनही उपजतो, असेही ते म्हणतात. कारण असा मनुष्य स्वतःविषयीच्या स्वतःच्याच मताला अवाजवी चिकटून राहतो.

सेमिनरीत हा भाग मी परीक्षेपुरता वाचला होता. त्या ओटीवरच्या प्रश्नानंतर तो मला नव्याने कळला. आपल्याला क्षमा झाली असे देवाने सांगावे, चर्चने सांगावे, पत्नीने आपल्या वागणुकीने सांगावे, आणि तरीही माणसाने ‘माझा निवाडा निराळा आहे’ म्हणून बसून राहावे, यात निवाडा करणारा कोण झाला? आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेलाच न्यायासनावर जाऊन बसला! नम्र मनुष्य स्वतःविषयीचा अखेरचा शब्द दुसऱ्याच्या हाती सोपवितो. स्वतःचा तिरस्कार करणारा तो सोडीत नाही. दोघांचे शब्द एकच असतात, म्हणून फसगत होते. माझीही झाली होती.

हे लिहिताना मी दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. मराठी माध्यमाच्या शाळेतून मी सेमिनरीत आलो, तेव्हा इंग्रजीतील व्याख्याने माझ्या डोक्यावरून जात. एका प्राध्यापकांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखविला आणि सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी प्रश्न विचारणे सोडून दिले. माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना मी सांगितले की, मी या पाचारणास लायक नाही, घरी जातो. त्यांनी माझी समजूत घातली नाही. ते एवढेच म्हणाले, “लायक नाहीस हे तुला आज कळले, मला पहिल्या दिवशीच कळले होते. बिशपांना कळत नाही असे तुला वाटते काय? आता उद्याच्या तासाला एक प्रश्न विचार.” मी रात्रभर जागून एक प्रश्न तयार केला आणि अडखळत विचारला. इंग्रजीची धास्ती आजही माझ्या मनातून गेलेली नाही. प्रश्न मात्र विचारतो.

आम्हा धर्मग्राम-धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी यांचे चरित्र या बाबतीत मोठे बोलके आहे. फ्रान्समधील लिओं शहराजवळच्या दार्दिली गावी 1786 साली शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत शिक्षण उशिरा सुरू झाले. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. सेमिनरीतून परत यावे लागले. एका वृद्ध धर्मगुरूने धरलेल्या चिकाटीमुळे 1815 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1818 मध्ये त्यांना आर्स या सुमारे 230 वस्तीच्या खेड्यात पाठविण्यात आले. पुढे याच खेड्यात पापनिवेदनासाठी दूरदूरून माणसांची रीघ लागली आणि दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास ते त्या पेटीत बसून राहू लागले. शेजारच्या काही धर्मगुरूंनी त्यांच्या अज्ञानाविरुद्ध एक तक्रारपत्र फिरविले. ते चुकून त्यांच्याच हाती आले, तेव्हा त्यांनी त्याखाली आपलीही सही केली, अशी हकिकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

या हकिकतीवर आपण कौतुकाने हसतो. परंतु चरित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपण या पदास अयोग्य आहोत, या भीतीने व्हियानींनी आर्सहून निघून जाण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा केला. 1843 साली ते आपल्या गावी निघूनही गेले होते. 1853 साली रात्रीच्या वेळी निघाले असता लोकांनी त्यांची वाट अडविली. दर वेळी ते परत आले आणि परत येऊन पुन्हा त्या पेटीत बसले. 4 ऑगस्ट 1859 रोजी आर्समध्येच त्यांचा अंत झाला. 1925 साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. संतपणामुळे ती भीती नाहीशी झाली असे दिसत नाही. दाराबाहेर माणसे ताटकळत होती, म्हणून ते परतले. संत पौलाची गोष्ट तरी काय वेगळी आहे? शरीरातला काटा काढून टाकावा, अशी प्रार्थना त्याने तीनदा केली. काटा निघाला नाही. त्याला कृपा पुरेशी असल्याचे कळले, आणि तो कामाला लागला.

येथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत, नाहीतर या लिखाणाने एखाद्याच्या जखमेवर मीठ चोळले जायचे. न्यूनगंड हा नेहमीच माणसाच्या मनात आपोआप उगवत नाही. पुष्कळदा तो बाहेरून पेरला जातो. जातीवरून, रंगावरून, बोलीवरून, बापाच्या धंद्यावरून ज्याला पिढ्यान्‌पिढ्या खालचे म्हणून वागविले, त्याला ‘नम्र हो’ असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तेथे पश्चात्ताप त्याने नव्हे, आपण करावयाचा आहे. ख्रिस्ती समाजही या पापापासून मुक्त राहिलेला नाही. दुसरे असे की, ज्याची झोप उडाली आहे, ज्याला अन्न गोड लागत नाही, जगणेच नकोसे झाले आहे, त्याचा तो आजार असू शकतो. त्याला प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांकडेही नेले पाहिजे. त्याची श्रद्धा कमी पडली, असे कोणी चुकूनही म्हणू नये.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळतो. मिस्सातील ती कबुली मुळात कफर्णहूमच्या शताधिपतीची आहे. परराष्ट्रीय, रोमी सैन्यातला हा अधिकारी. प्रभू येशूने आपल्या छपराखाली यावे एवढी आपली योग्यता नाही, हे तो मनापासून बोलला. तथापि मत्तयच्या शुभवर्तमानानुसार तो त्यासाठी स्वतः चालत येशूकडे आला होता. का आला? घरी त्याचा चाकर वेदनांनी तळमळत होता. योग्यता नाही म्हणून तो घरी बसला असता, तर त्या चाकराचे काय झाले असते? त्याची कबुली खरी होती, पण त्या घडीला त्याला स्वतःच्या अपात्रतेपेक्षा चाकराचे दुःख मोठे वाटत होते. मोशेच्या मागेही मिसरात कण्हणारे लोक होते, व्हियानींच्या मागे दाराशी थांबलेली रांग होती. मला वाटते, आपल्या उणेपणाचा विळखा अशाच वेळी सैल होतो. आपण पुरेसे आहोत, हे सिद्ध झाल्यामुळे तो सुटत नाही. आपल्यावाचून कोणाचे तरी अडले आहे, हे दिसल्यावर आपण त्याच्यासकट उठतो.

पुढच्या घरभेटीत मी त्या गृहस्थाची आधी क्षमा मागितली. प्रवचनात तुमचा गौरव करून मी तुम्हाला त्या बाकाला बांधून टाकले, असे म्हणालो. मग शताधिपतीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. त्याची पत्नी चुलीपाशी होती, तेथूनच ती म्हणाली, “इतकी वर्षं मी एकटीच रांगेत जाते, फादर.” त्यावर तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

साधारण महिन्याभराने एका आडवारी सकाळच्या मिस्साला तो आला. पावसाचे दिवस होते, मंदिरात दहा-बाराच माणसे होती. नेहमीप्रमाणे सर्वांनी ती कबुली दिली. पत्नीच्या मागोमाग तोही उठला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली, तेव्हा त्याचे हात थरथरत होते. माझेही स्थिर नव्हते. त्या हातांना तरी कोणती योग्यता होती?